व्हर्जनला हळद लावणारे देवरेभाऊ

देवरेभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नाचत होते. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. समोरच्या टेबलावर एक जुना, अरुंद स्क्रीन मांडलेला होता आणि कित्येक आठवडे त्यावर अर्धवट दिसणारे दोन शब्द त्या सकाळी पहिल्यांदा पूर्ण दिसले होते : 'चालू नाही'. शब्द दोनच, पण त्यांच्यापायी आम्ही सगळ्यांनी डोकी फोडून घेतली होती. मी खुर्चीतून उठून अक्षरशः उड्या मारल्या, टाळ्या पिटल्या आणि ही बातमी सर्वांत आधी ज्यांना द्यायची त्या देवरेभाऊंना लावायला मोबाइल हातात घेतला, तोच तो वाजला. नाव वहिनींचं, म्हणजे भाऊंच्या बायकोचं. मला वाटलं, बघा, भाऊंना घरबसल्या वास लागला! फोन उचलून मी ओरडलेच, "वहिनी, झालं, झालं!" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "हो माय. झालं. तुझे भाऊ गेले." मी मोबाइल कानाला तसाच धरून उभी राहिले, आणि माझ्यामागे बाकीची मंडळी अजून टाळ्या वाजवत होती.

देवरेभाऊ कोण, हे वाचकांना माहीत असायचं कारण नाही. पण तुमचा मोबाइल अधूनमधून 'अपडेट करू का?' असं विचारतो आणि तुम्ही वैतागून 'नंतर' म्हणता ना, त्या 'नंतर'वर या माणसानं आयुष्य काढलं. आमची एक छोटी कंपनी आहे, सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या पोटातला तो मूळ कार्यक्रम, ज्याच्या खांद्यावर बाकीचे सगळे कार्यक्रम बसतात. जगभरचे लोक मिळून एक खुली सिस्टिम लिहितात. ती आम्ही घेतो, तासतो, घासतो आणि इथल्या सुताच्या आणि कापडाच्या कारखान्यांत यंत्रांसमोर जे स्क्रीन असतात त्यांच्यावर बसवतो. भाऊ आमचे रिलीज मॅनेजर. नवं काय आत घ्यायचं, काय दारात उभं ठेवायचं आणि तयार व्हर्जन कुठल्या दिवशी बाहेर सोडायचं, हे ठरवणारा माणूस. मी नवं आणणारी. त्यामुळे आमचं नातं पहिल्या दिवसापासून सासू-सुनेचं, आणि सासू कोण ते सांगायला नकोच.

मी नाशिकहून नुकतीच आले होते आणि मला सगळं जग बदलायचं होतं, शक्यतो त्याच आठवड्यात. पहिल्याच मीटिंगमध्ये मी एक झकास कल्पना मांडली, फळ्यावर चित्रं काढली, हातवारे केले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, अगदी कौतुकानं मान डोलावली आणि आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "छान शे. पण हळद लागली."

"कोणाला?" मी विचारलं.

"व्हर्जनला."

सगळे हसले. मग त्यांनी मला समजावलं, आणि ते समजावणं मी अजून नव्या मुलांना जसंच्या तसं ऐकवते. व्हर्जन बाहेर सोडण्याआधी त्यात नवं घेणं थांबवतात, इंग्रजीत ज्याला फ्रीझ म्हणतात, त्याला भाऊ हळद म्हणत. त्यांच्या धुळ्याकडच्या गावात हळद लागली की नवरी वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. आदल्या दिवसापर्यंत हव्या त्या साड्या बदला, दागिने मोडा, पण एकदा अंगाला हळद लागली की नवा हट्ट बंद. मंडपात ऐन वेळी एखादी मामी उठून म्हणते का, की नवरीचं नाक जरा बदलून बघू? काही टोचलं, खुपलं तर औषध लावायचं, म्हणजे चूक सापडली तर ती दुरुस्त करायची. बाहेर चोर फिरत असतील तर दाराला कुलूपही घालायचं, म्हणजे सुरक्षेचा बंदोबस्त हळदीतसुद्धा चालतो. पण नवा दागिना नाही. "घाई कसाले करस, माय? पुढच्या मुहूर्ताला घेऊ ना तुझं पोर," असं म्हणून त्यांनी माझी झकास कल्पना पुढच्या व्हर्जनच्या रांगेत उभी केली. मी इतकी चिडले होते की दुपारचा डबा तसाच परत नेला.

हा माणूस असा का, ते पुढे कळलं. तरुणपणी भाऊ एका सूतगिरणीत देखभालीला होते. तिथं कोणी शहाण्यानं नवी सिस्टिम चढवली आणि सकाळच्या पाळीला सगळे स्क्रीन कोरे उगवले. खात्यातली यंत्रं जागच्या जागी थांबली, सूत तुटलं, आणि ज्यानं ती सिस्टिम लिहिली तो दूर कुठल्या तरी शहरात चहा पीत बसला असेल. "शिव्या लिहिणाऱ्याला नाही पडत," भाऊ म्हणायचे, "समोर उभा ऱ्हायतो त्याला पडतात." तेव्हापासून समोर उभं राहणाऱ्याची बाजू त्यांनी घेतली ती कायमची.

पण म्हणून भाऊ जुन्याला चिकटलेले होते असं कोणी समजू नये. नव्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेड! डोकमर्डीतल्या त्यांच्या घरी जो लॅपटॉप होता त्यावर जगातलं सर्वांत कच्चं, काल लिहिलेलं आणि आज पडणारं व्हर्जन चालू असायचं. चालू म्हणजे काय, दोन घटका चालायचं आणि बसायचं. एकदा त्यात पुतणीच्या लग्नाचे सगळे फोटो गडप झाले. वहिनींनी कपाळावर हात मारून मला सांगितलं, "बघ गं बाई, ऑफिसात यांची हळद, आणि घरात रोज नवी नवरी!" भाऊ लाजून हसले आणि लगेच मला कोपऱ्यात ओढून दाखवायला लागले की नव्या व्हर्जनमध्ये खिडक्या कशा सर्रकन सरकतात. डोळे असे लकाकत होते की फोटो गेल्याचं दुःख कोणाला आहे असं वाटू नये. स्वतःच्या अंगावर हवं ते झेलायचं, दुसऱ्याच्या अंगावर मात्र तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही, हा त्यांचा हिशेब.

वासोण्याच्या सिंह सफारीला आम्ही सगळे एकदा गेलो होतो. जाळीच्या गाडीतून सिंह छान दिसत नव्हता. मी ड्रायव्हरच्या मागे लागले की काच थोडी तरी उघडा, फोटो चांगला येईल. ड्रायव्हर ढिम्म. भाऊंनी मागून खांद्यावर हात ठेवला. "याला आपल्या ऑफिसात घ्यायचा का?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की माझ्यासकट सगळी गाडी हसून लोळली. फोटो वाईटच आला. त्यात सिंहापेक्षा जाळी जास्त आहे आणि काचेत भाऊंचं हसणं उमटलंय.

आमचं खरं भांडण मात्र गमतीचं नव्हतं. व्हर्जन बाहेर गेलं की भाऊ खूश असायचे ते फोन न आल्यामुळे. "सासरहून फोन नाही, म्हणजे पोरगी सुखात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एके दिवशी माझा संयम सुटला. म्हटलं, "भाऊ, फोन नाही म्हणजे पोरीचा फोन काढून घेतला असाही अर्थ होतो!" माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्या स्क्रीनवरची सगळी भाषा इंग्रजी, समोर बसणारी माणसं नंदुरबारची, जव्हारची, बिहारची आणि इथल्याच पाड्यांवरची. ते तक्रार करत नाहीत, कारण तक्रार करता येते हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही ज्याला स्थिर म्हणता ते स्थिर नाही, मुकं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्कूटर काढून म्हणाले, "चल, विचारू."

आम्ही खडोलीला गेलो, एका रंगाईच्या कारखान्यात. तिथं रंगखोली असते, कापडाचे रंग तिथं कालवतात. टाक्या, नळ्या आणि भिंतीवर आमचा एक अरुंद, म्हातारा स्क्रीन. त्याच्यासमोर जशोदाबेन बसायच्या. इथल्याच, गुजराती बोलणाऱ्या, मराठी बऱ्यापैकी समजणाऱ्या, आणि हसल्या की सगळा चेहरा हसणाऱ्या. भाऊंनी त्यांना विचारलं की हे इंग्रजी तुम्हाला वाचता येतं का. त्या म्हणाल्या, छे! मग चालवता कसं? "याद रही गयुं छे," त्या म्हणाल्या. हिरवं दाबायचं, मग त्याच्या डावीकडचं, मग लाल झालं की थांबायचं. सगळं पाठ. मी विजयी मुद्रेनं भाऊंकडे पाहिलं. पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की जगातल्या मूळ सिस्टिमनं पुढच्या व्हर्जनमध्ये ती बटणं उजवीकडे हलवली होती आणि मला ती फार आवडली होती, आणि भाऊंनी ती आत येऊ दिली नव्हती... येऊ दिली असती तर या बाईंचं सगळं पाठांतर एका सकाळीत पुसलं गेलं असतं. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि आमचा दोघांचा पुरावा एकाच स्टुलावर बसला होता. परतताना चहाच्या टपरीवर भाऊंनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "जशोदाबेनला तिच्या भाषेत स्क्रीन पाहिजे. बटणं जागची हलली नाही पाहिजेत. दोन्ही जमव." त्या दिवसापासून हे एकच काम माझ्या डोक्यात बसलं : जशोदाबेनचा स्क्रीन जशोदाबेनच्या भाषेत.

सुरुवात आम्ही मराठीनं केली, कारण ऑफिस सगळं मराठी. नाशिक, पुणे, धुळे. म्हटलं, देवनागरी तर इथं सगळेच वाचतात, हिंदीमुळे. पहिला प्रयोग खडोलीच्या रंगखोलीतच करायचा ठरला. मी खपून शब्द तयार केले. टाक्यांची यादी वर-खाली सरकवायची दोन बटणं होती, त्यांवर मी 'अप' आणि 'डाउन' ठेवलं होतं. हळद लागली. दोन दिवसांनी भाऊ माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते आणि एकदम त्यांचं मराठी मन दुखावलं. "अप-डाउन काय? ही काय आगगाडी शे का? वर आणि खाली लिही." मी म्हटलं, "भाऊ, हळद लागलीय." तर हा माणूस, साक्षात हळदीचा देव, मला म्हणाला, "एक शब्द तर शे!" मी आनंदानं बदलला. खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्या मराठी माणसांनी तो वाचला, माना डोलावल्या. वर, खाली. यात चुकण्यासारखं काय होतं?

चुकण्यासारखं हे होतं की मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट, आणि हिंदीत नि गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. यादीच्या तळाशी शेवटचं नाव निळ्या टाकीचं, आणि त्याला चिकटून आमचं सुंदर मराठी बटण. जशोदाबेननं वाचलं : निळा, खाली. त्यांनी कर्तव्यबुद्धीनं निळी टाकी भरायला घेतली. ती आधीच काठोकाठ होती. कारखान्यातून फोन आल्यावर आम्ही पोचलो तेव्हा रंगखोलीची जमीन निळी, झाडू निळा, जशोदाबेनच्या चपला आणि साडीचा काठ निळा, आणि सुपरवायझरचा चेहरा लाल. "खाली लखेलुं हतुं, एटले में भर्युं," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. लिहिलं होतं रिकामं, म्हणून भरलं! सुपरवायझर त्यांच्यावर आवाज चढवणार तेवढ्यात भाऊ मध्ये उभे राहिले. "यांनी बरोबर वाचलं, आम्ही चुकीचं लिहिलं," असं म्हणाले, पँटचे पाय दुमडले आणि निळा झालेला झाडू उचलला. मीही पाणी ओतायला लागले. अर्ध्या वाटेत माझी नि जशोदाबेनची नजरानजर झाली आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना. भाऊंची एक टाच पुढे कित्येक दिवस निळी होती. ऑफिसात कोणी घाई केली की बाकीचे एका सुरात म्हणायचे, "एक शब्द तर शे!" आणि भाऊ मुकाट्यानं टाच दाखवायचे.

त्यानंतर जे सुरू झालं ते माझ्या नोकरीतले सर्वांत मजेचे दिवस. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषा एकत्र घ्यायच्या आणि प्रत्येक शब्द त्या त्या भाषेच्या माणसाला वाचायला द्यायचा, अर्थ न सांगता. भाऊ चहाच्या टपरीवर, रिक्षाच्या रांगेत, भाजीवालीसमोर कागद धरून उभे राहायचे. "यावरून काय समजलं सांगा." लोकांना वाटायचं, माणूस सर्वेक्षणाला आलाय. एखाद्या शब्दावर सगळ्यांचं एकमत झालं की भाऊ धावत गाळ्यात शिरायचे, "सापडला, सापडला!" आणि मी फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहायची. नव्याला नाही म्हणणारा माणूस नव्यासाठी इतका धावताना बघून मला वाटायचं, हा आपल्या बाजूला आला. आता कळतं की बाजू त्यांनी बदललीच नव्हती. त्यांची बाजू पहिल्यापासून जशोदाबेनची होती.

याच धावपळीत त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी आम्लपित्त म्हणून दुर्लक्ष, मग तपासण्या, मग डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलेलं ते सगळं. उपचार चालू झाले, पण फार उशीर झाला होता आणि भाऊंना ते ठाऊक होतं. ते घरून काम करायला लागले. व्हर्जन तयार होत आलं, तिन्ही भाषा त्यात बसल्या, हळद लागली, तारीख जवळ आली. आणि मग आमच्या टेबलावरच्या जुन्या स्क्रीनवर एक भयंकर गोष्ट दिसली. चाचणीसाठी रंग घुसळणारं यंत्र बंद पडल्याचं दाखवलं असताना स्क्रीन ठणकावून सांगत होता : चालू! आम्ही तर 'चालू नाही' असं लिहिलं होतं. अरुंद स्क्रीनवर ओळ मावत नव्हती, म्हणून शेपूट कापलं जात होतं. इंग्रजीत नकार आधी येतो, त्यामुळे तिथं ओळ कापली तरी नकार शिल्लक राहतो. आपल्या भाषांत 'नाही' शेवटी येतं. मराठीत 'चालू नाही', गुजरातीत 'चालु नथी', हिंदीत 'चालू नहीं'. शेपूट गेलं की अर्थ उलटा. बहुतेक कारखान्यांत स्क्रीन रुंद होते, तिथं काही बिघडत नव्हतं. अरुंद स्क्रीन मोजक्या जागी उरले होते. त्यांपैकी एक जशोदाबेनचा.

ही चूक धड दुरुस्त करायची तर अक्षरं मांडणाऱ्या अगदी तळातल्या भागाला हात घालावा लागणार होता, आणि हळद लागल्यावर तळाला कोणी हात लावत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे व्हर्जन ठरल्या दिवशी बाहेर पडणार, पण भाषेशिवाय. भाषा पुढच्या मुहूर्ताला. पुढचा मुहूर्त काही महिन्यांवर होता, आणि भाऊंकडे तेवढे महिने नव्हते. हे मला सहन होईना. मी दुपारी डोकमर्डीला गेले. भाऊ पलंगावर उशीला टेकून बसले होते, इतके बारीक झालेले की सदरा दुसऱ्याचा वाटत होता. मी ठरवून गेले होते की भांडायचं. म्हटलं, भाऊ, भाषा याच व्हर्जनमध्ये जाऊ दे. रुंद स्क्रीनवर तर ती चालतेय. तुम्हाला बघायला मिळेल, मी तुम्हाला गाडीत घालून कारखान्यात नेते. त्यांनी विचारलं, "आणि जशोदाबेन?" मी म्हटलं, अरुंद स्क्रीनसाठी 'चालू नाही'च्या जागी 'बंद' लिहू, आखूड आहे, मावेल, आणि बोलायच्या ओघात तोंडातून निघून गेलं, "एक शब्द तर आहे!"

भाऊ हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले आणि मग रडायलाच लागले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, हसावं की रडावं ते त्यांना कळेना. मग भाऊ हळूच म्हणाले, "'बंद' आपण मुद्दाम बंद केलेल्याला लिहितो. बंद केलेलं आणि बंद पडलेलं, यात फरक शे ना माय. बंद केलेल्याला कोणी हात लावत नाही. बंद पडलेल्याकडे धावावं लागतं." मी म्हटलं, ते सगळं मला कळतं, पण तुम्ही बघायला पाहिजे. एवढंच. बाकी मला काही नको... त्यांनी माझा हात धरला. तो माणूस कधी कोणाचा हात धरणारा नव्हता. म्हणाले, "मुहूर्त नवरीचा राहतो, माय. पाव्हण्याचा नाही."

व्हर्जन भाषेशिवाय गेलं. मी त्या दिवशी त्यांच्यावर खूप रागावले होते आणि आजही थोडी रागावलेली आहे, कारण एक गोष्ट आयुष्यात मला त्यांना द्यायची होती आणि ती त्यांनी नियमावर बोट ठेवून नाकारली. पण राग डोक्यात घेऊनच आम्ही तळातलं काम हाती घेतलं. ओळ मावत नसेल तर ती कापायची नाही, दोन ओळींत मोडायची. सांगायला सोपं, करायला महाकठीण. आणि ज्या सकाळी 'चालू नाही' दोन ओळींत सबंध उभं राहिलं, त्या सकाळी मी नाचत होते, आणि वहिनींचा फोन आला.

पुढच्या आवृत्तीला हळद मी लावली. माझ्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा कोणी हसलं नाही. तीन भाषांचं व्हर्जन गेल्या आठवड्यात बाहेर पडलं, ठरल्या दिवशी. कोण उल्हास होता मला! आनंद मावेना आणि तो कोणाला सांगायचा तेही कळेना, म्हणून मी तडक खडोलीला गेले. रंगखोलीत जशोदाबेन स्क्रीनसमोर बसल्या होत्या, बटणं सगळी जागच्या जागी, आणि त्या बोट ठेवून मोठ्यानं वाचत होत्या. लाल टांकी. पाणी. चालु छे. मग पुढच्या ओळीला थांबून, दोन्ही ओळी जोडून : चालु नथी. मी त्यांना मिठीच मारली. आणि मग मला राहवेना. मी भराभरा सांगायला लागले की बेन, हे तर काहीच नाही, पुढच्या वेळी स्क्रीन तुमच्याशी बोलणार, तुम्ही पाठ करून उभ्या असलात तरी तो हाक मारून सांगणार, तुम्ही नुसतं बोललात की तो ऐकणार...

जशोदाबेन सगळं शांतपणे ऐकत होत्या. "देवरेभाईने पूछ्युं?" त्यांनी विचारलं. देवरेभाईंना विचारलंत का?

भाऊ गेल्याचं जशोदाबेनना कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्या स्क्रीनकडे वळून बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. रंग कालवणारं यंत्र घरघरत होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो हवे तमने ना कोण पाडशे?" मग आता तुम्हाला नाही कोण म्हणणार? त्या मला दुखवायला म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खरंच काळजी पडली होती, कारण टाक्या त्यांच्या होत्या.

"तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, चेष्टा तर नाही ना याची खात्री केली, थोडा विचार केला आणि लगेच नाही म्हटलं. "अत्यारे नहि, बेन. पहेलां आ तो मने आवडवा दो."

गुजरातीत आवडणं म्हणजे येणं, जमणं. आत्ता नको, आधी हे तर मला येऊ दे, एवढंच त्या म्हणत होत्या. माझ्या मराठी कानांना मात्र ते आपल्या अर्थानं ऐकू आलं : आधी हे तर मला आवडू दे. या वेळी शब्दाचे दोन्ही अर्थ खरे होते, आणि मी थांबले.